तळणाच्या तेलावर पळणारी गाडी

दरवर्षी १० ऑगस्टला जागतिक जैवइंधन दिन येतो आणि त्याच्यासोबत एक मेसेजही फिरायला लागतो. 'सर' रुडॉल्फ डिझेल यांनी १८९३ साली शेंगदाण्याच्या तेलावर इंजिन चालवून दाखवलं, असं त्यात असतं. मेसेज जरा लांब असेल तर पुढे असतं की तेल कंपन्यांनी त्यांना समुद्रात बुडवलं आणि ते तंत्र दाबून टाकलं. आणखी लांब असेल तर शेवटी तात्पर्य येतं: कुठलीही डिझेल गाडी वडेवाल्याच्या कढईतल्या जुन्या तेलावर चालू शकते, पण 'त्यांना' ते नको आहे.

गंमत म्हणजे यातला पहिला भाग आपल्याकडच्या सरकारी पत्रकांतही छापून येतो. दुसऱ्या भागाला पुरावा नाही. आणि तिसरा भाग एका ठरावीक काळापुरता, ठरावीक गाड्यांपुरता अगदी खरा होता. मी इंजिनिअरिंग शिकलो, आता सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे 'हे चालतं' असं कुणी म्हटलं की 'कुठे, कधी आणि किती वेळ' असं विचारायची सवय लागली आहे. तेच तीन प्रश्न या मेसेजला विचारले तर त्याच्यापेक्षा बरीच रंजक गोष्ट हाती लागते.

१० ऑगस्टला खरं काय झालं

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८५८ साली पॅरिसमध्ये झाला, आईवडील बव्हेरियातले. ब्रिटिश राजाने दिलेला 'सर' हा किताब त्यांना कधीच नव्हता. त्यांची कल्पना साधी होती. सायकलमध्ये हवा भरताना पंप खालून गरम होतो, कारण दाबलेली हवा तापते. ती इतकी दाबायची की तिच्यात इंधन फवारताच ठिणगीशिवाय पेट घेईल.

१० ऑगस्ट १८९३ रोजी जर्मनीतल्या ऑग्सबुर्गच्या कारखान्यात त्यांच्या पहिल्या इंजिनाची चाचणी झाली. इंधन होतं पेट्रोल. सिलिंडरमध्ये स्फोट झाला, दाब मोजणाऱ्या उपकरणाचे तुकडे उडाले, आणि जवळ उभे असलेले लोक थोडक्यात वाचले. हवा दाबून इंधन पेटतं एवढं मात्र सिद्ध झालं. स्वतःच्या ताकदीवर ते इंजिन पहिल्यांदा फिरलं फेब्रुवारी १८९४ मध्ये, तेही मिनिटभर. लोकांना दाखवण्याजोगं इंजिन तयार व्हायला १८९७ उजाडलं. त्याची कार्यक्षमता २६.२ टक्के भरली. त्या काळातली वाफेची इंजिनं कोळशातली बहुतेक उष्णता वाया घालवत, त्यामुळे हा आकडा थक्क करणारा होता. आणि हे इंजिन चाललं रॉकेलवर.

म्हणजे १८९३ मध्ये शेंगदाणे कुठेच नव्हते. डिझेल यांच्या सुरुवातीच्या डोक्यात तर कोळशाची भुकटीही होती. त्यांना कुठल्या एका इंधनाचं प्रेम नव्हतं. कुठलंही इंधन चालेल असं इंजिन त्यांना हवं होतं.

शेंगदाणे आले ते सेनेगलहून

शेंगदाणे गोष्टीत येतात १९०० साली, पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात. तिथे निरनिराळ्या कंपन्यांनी किमान पाच डिझेल इंजिनं मांडली होती. त्यांतलं ओटो कंपनीचं एक छोटं इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं गेलं. ते बनवलं होतं खनिज तेलासाठी, आणि त्यात काहीही बदल न करता ते वनस्पती तेलावर इतकं सुरळीत चाललं की फार थोड्या लोकांच्या ते लक्षात आलं. ही माहिती खुद्द डिझेल यांनीच १९१२ साली लंडनच्या मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेपुढे वाचलेल्या निबंधात दिली आहे. प्रयोग त्यांचा नव्हता, हे त्यातूनच कळतं.

मग कल्पना कुणाची? फ्रेंच सरकारची. फ्रान्सच्या आफ्रिकेतल्या वसाहतींत, विशेषतः सेनेगलमध्ये, भुईमुगाचं अमाप पीक निघत होतं. तिथे कोळसा नव्हता, आणि बोटीने न्यायचा तर महाग. वसाहतीतच पिकणाऱ्या तेलावर वसाहतीतली यंत्रं चालली तर राज्य करणं स्वस्त होईल, असा तो हिशेब होता. आज आपण ज्याला 'हरित इंधन' म्हणतो त्याचा पहिला जाहीर प्रयोग साम्राज्याच्या खर्चकपातीसाठी झाला होता. मेसेजमध्ये हे नसतं.

डिझेल यांना मात्र कल्पना आवडली. त्यांनी पुढे स्वतः चाचण्या केल्या, आणि १९१२ मध्ये ते सांगत होते की वनस्पती तेलाचा हा वापर आज किरकोळ वाटला तरी पुढे पेट्रोलियमइतकंच महत्त्व त्याला येऊ शकेल. पुढच्याच वर्षी, २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री, अँटवर्पहून इंग्लंडला निघालेल्या 'ड्रेस्डेन' बोटीवरून ते नाहीसे झाले. काही दिवसांनी समुद्रात मृतदेह सापडला, आणि खिशातल्या वस्तूंवरून मुलाने ओळख पटवली. त्या वेळी ते कर्जात बुडालेले होते. आत्महत्या, अपघात, घातपात, तिन्ही तर्क आजवर चालू आहेत. पण शेंगदाणा तेलाने कुणाचं साम्राज्य धोक्यात आलं होतं म्हणून हे घडलं, याला कागदावर काहीही आधार नाही.

ब्रसेल्सची बस आणि भारतातली दहा तेलं

तंत्र कुणी दाबलंही नाही. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात फ्रान्स, बेल्जियम, इटली, ब्रिटन, जपान अशा अनेक देशांत वनस्पती तेलांवर संशोधन चालू होतं, आणि त्यामागे बहुतेकदा वसाहतींचाच विचार होता.

यातला सर्वांत महत्त्वाचा माणूस आज कुणाला आठवत नाही. ब्रसेल्स विद्यापीठातले जी. शावान यांनी ऑगस्ट १९३७ मध्ये एक पेटंट घेतलं. पाम तेलाचा अल्कोहोलशी संयोग घडवून त्यातलं ग्लिसरीन वेगळं काढायचं, आणि उरलेलं पातळ द्रव्य इंधन म्हणून वापरायचं. पाम तेल बेल्जियन काँगोचं. १९३८ मध्ये ब्रसेल्स ते लूव्हां मार्गावर या इंधनावर प्रवासी बस धावली. आज ज्याला आपण बायोडिझेल म्हणतो, ते हेच.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलियमचे मार्ग तुटले आणि गरजेपोटी सगळे पुन्हा तेलबियांकडे वळले. चीनने तुंग झाडाच्या बियांचं तेल तापवून, त्याचं विघटन करून पेट्रोल आणि डिझेलसारखी इंधनं बनवली. ब्राझीलने सरकीच्या तेलाची निर्यात थांबवली, म्हणजे ते डिझेलऐवजी वापरता यावं. भारतातल्या संशोधकांनीही दहा देशी तेलांवर काम केलं. मग युद्ध संपलं, खनिज डिझेल पुन्हा स्वस्तात मिळू लागलं आणि हे काम बंद पडलं. कटकारस्थानाची गरजच पडली नाही. स्वस्त डिझेल पुरेसं होतं.

या पन्नासेक वर्षांत आणखी एक गोष्ट घडली, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. डिझेल यांनी बनवलं होतं 'कुठल्याही इंधनाचं' इंजिन. पण मिळत होतं एकच इंधन, म्हणून इंजिनं त्याच्या मापाने घडत गेली. पंप, इंजेक्टरची भोकं, फवाऱ्याचा कोन, सगळं पातळ खनिज डिझेलला साजेसं झालं. एकाच ब्राउझरवर तपासत बनवलेली वेबसाइट हळूहळू दुसऱ्या ब्राउझरवर मोडायला लागते, तसंच.

घट्टपणाची अडचण

१९७३ मध्ये अरब देशांनी तेलाचा पुरवठा रोखला आणि जग पुन्हा शेतांकडे पाहू लागलं. दक्षिण आफ्रिकेत सूर्यफुलाच्या तेलावर ट्रॅक्टर चालवून पाहिले गेले. ऑगस्ट १९८२ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या फार्गो शहरात वनस्पती तेलाच्या इंधनावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. सगळीकडून आलेला अनुभव साधारण एकसारखा होता: इंजिन सुरू होतं, छान चालतं, आणि शेकडो तासांनंतर आजारी पडतं.

कारण तेलाचा घट्टपणा. ४० अंश तापमानाला वनस्पती तेल डिझेलपेक्षा साधारण दहापट घट्ट असतं. घट्ट तेलाचा फवारा बारीक होत नाही, थेंब मोठे पडतात. मोठा थेंब पुरता जळत नाही, त्याचा कोळसा इंजेक्टरच्या तोंडाशी साचतो, फवारा आणखी बिघडतो. न जळलेलं तेल पिस्टनच्या कडेने खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि त्याची खळ होते. घरातल्या तळणाच्या कढईच्या काठावर घासून न निघणारा चिकट तपकिरी थर असतो ना? तोच थर इंजिनाच्या आत बसतो.

यावर दोन उपाय होते. पहिला, इंधन बदला: शावान यांच्या रीतीने तेलाचं बायोडिझेल करा. तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा, खाली बसलेलं ग्लिसरीन काढून टाका, वरचं धुऊन सुकवा, आणि ते जवळपास डिझेलइतकं पातळ होतं. दुसरा, गाडी बदला: तेल तसंच ठेवा, पण ते तापवून पातळ करा. जर्मनीत लुडविग एल्सबेट यांनी तर मुळातून वनस्पती तेलासाठी इंजिन रचलं.

ज्यांना एवढं जमत नव्हतं त्यांनी दोन टाक्यांची युक्ती काढली. गाडी सुरू करायची डिझेलवर. इंजिन तापलं की त्याचंच गरम पाणी दुसऱ्या टाकीतल्या नळ्यांतून फिरवायचं, तेल ७०-८० अंशांपर्यंत आलं की कळ फिरवून त्यावर जायचं. गाडी बंद करायच्या थोडं आधी पुन्हा डिझेलवर यायचं, म्हणजे नळ्यांत तेल गोठून बसत नाही. ही शेवटची पायरी विसरणाऱ्याची दुसऱ्या दिवशीची सकाळ वाईट जायची.

वाया गेलेल्या तेलाचे सोन्याचे दिवस

या युक्तीला मिळालेली आवडती गाडी म्हणजे मर्सिडीजची डब्ल्यू १२३, १९७६ ते १९८६ या काळात बनलेली. तिच्या डिझेल इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्ये न जाता आधी एका छोट्या कप्प्यात जळायला सुरुवात होते, त्यामुळे फवारा थोडा जाड असला तरी चालून जातं. इंजेक्शन पंप मजबूत, आणि गाडीत संगणक जवळपास नाहीच. या गाडीची सहनशक्ती म्हणजेच या सगळ्या चळवळीचा पाया होता.

आणि तेल? अमेरिकेत नव्वदच्या दशकात बर्गर आणि चिप्सवाल्यांना जुन्या तेलाची विल्हेवाट लावायला पदरचे पैसे मोजावे लागत. कुणी येऊन फुकट नेतो म्हटलं तर ते खूश होत. ते तेल आठवडाभर शांत ठेवायचं, वरचं निवळ घ्यायचं, तापवून पाणी उडवायचं, बारीक गाळणीतून काढायचं. पाणी आणि जुन्या तेलातली आम्लं पंपाला गंज चढवतात, म्हणून गाळण्यात आळस चालत नसे. १९९७ मध्ये जोशुआ टिकेल यांनी तळणाच्या तेलापासून बनवलेल्या बायोडिझेलवर आपल्या 'व्हेजी व्हॅन'मधून अमेरिकेचा प्रवास सुरू केला आणि हा छंद घराघरांत पोचला. गाडीच्या धुराला फ्रेंच फ्राइजचा वास येतो, ही त्या काळातली ठरलेली बातमी होती.

मग सरकारचं लक्ष गेलं. २००२ मध्ये वेल्समधल्या स्वान्झी-लनेथली भागात एका सुपरमार्केटातल्या खाद्यतेलाचा खप अचानक वाढला. लोक भजी तळत नव्हते, टाकीत ओतत होते. तेल डिझेलच्या निम्म्याहून कमी दराने पडत होतं, कारण ब्रिटनमध्ये डिझेलच्या किमतीतला मोठा भाग कराचा होता आणि खाद्यतेलावर तो नव्हता. पोलिसांनी गाड्या थांबवून धुराचा वास घ्यायला सुरुवात केली. वर्तमानपत्रांनी त्या पथकाला 'फ्राइंग स्क्वॉड' असं नाव दिलं आणि सगळ्या ब्रिटनची करमणूक झाली. ज्यांना दंड भरावा लागला त्यांची झाली नसावी.

हसून झाल्यावर मात्र एक गंभीर गोष्ट दिसते. त्या लोकांचा गुन्हा तेल जाळण्याचा नव्हता, कर न भरण्याचा होता. इंधनाचा पंप ही सरकारची वसुलीची खिडकी आहे, आणि स्वतःच्या घरामागे इंधन बनवणारा माणूस त्या खिडकीला वळसा घालतो. रस्ते मात्र तोही वापरतोच. ब्रिटनने २००७ मध्ये तोडगा काढला: वर्षाला २,५०० लिटरपर्यंत स्वतःचं जैवइंधन बनवा वा वापरा, कर नाही. जर्मनीने उलट दिशा धरली. तिथे शुद्ध वनस्पती तेल आधी करमुक्त होतं, २००६ च्या कायद्यानंतर करसवलती टप्प्याटप्प्याने कमी झाल्या आणि भरात आलेला धंदा आटला.

फुकटचं तेल महाग होतं तेव्हा

या छंदाला खरा धक्का कायद्यापेक्षा दोन दुसऱ्याच बाजूंनी बसला.

पहिली, इंजिन. १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ या गाडीत 'कॉमन रेल' इंजेक्शन आलं: एका समाईक नळीत हजारपटीहून जास्त दाबाने भरून ठेवलेलं इंधन, आणि संगणक ठरवेल त्या क्षणी उघडणारे इंजेक्टर. धूर आणि आवाज कमी झाले, मायलेज वाढलं, पण जाड तेल सहन करण्याची ताकद गेली. पुढे सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी गाळणी आली. ती साफ करायला अनेक इंजिनं सिलिंडरमध्ये जादा इंधन सोडतात. वनस्पती तेल अशा वेळी सहज उडून जात नाही, ते इंजिन ऑइलमध्ये झिरपतं. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर आलेल्या डिझेल गाड्या याच पिढीतल्या. मेसेज वाचून त्यांच्या टाकीत कढईतलं तेल ओतलं, तर गॅरेजचं बिल वाचवलेल्या डिझेलच्या कित्येक पट येईल.

दुसरी, किंमत. २००८ च्या सुमारास कच्चं तेल भडकलं आणि जुन्या तळणाच्या तेलालाही भाव आला. अमेरिकेत हॉटेलांमागच्या पिंपांतून ते चोरीला जाऊ लागलं. 'द सिम्पसन्स'च्या १९९८ मधल्या एका भागात होमर आणि बार्ट तळणाचं तेल चोरून विकतात. तेव्हा तो विनोद होता, दहा वर्षांत पोलिसांत तक्रारी होऊ लागल्या. २००९ च्या युरोपीय धोरणात टाकाऊ मालापासून बनलेलं जैवइंधन उद्दिष्टाच्या हिशेबात दुप्पट धरायचं ठरलं. साहजिकच जगभरचं जुनं तेल, विशेषतः चीनमधलं, युरोपकडे वाहू लागलं, आणि ताजं पाम तेलच 'जुनं' म्हणून विकलं जात असल्याचे संशयही सुरू झाले. नव्यापेक्षा जुन्याला जास्त मान मिळायला लागला की असं होणारच.

नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हर्जिन अटलांटिकचं एक विमान लंडनहून न्यूयॉर्कला गेलं. त्याच्या इंधनाचा मोठा भाग टाकाऊ चरबी आणि तेलापासून बनला होता. घरामागच्या गाळण्यांपासून विमानाच्या टाकीपर्यंत तेल पोचलं. फक्त आता ते फुकट नव्हतं, आणि घरामागेही नव्हतं.

आपल्या कढईतलं तेल

भारताने आधी वेगळी वाट धरून पाहिली. ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली-अमृतसर शताब्दी पाच टक्के बायोडिझेल मिसळून चालवली गेली. २००३ मध्ये जट्रोफाची राष्ट्रीय मोहीम मांडली गेली: पडीक जमिनीवर झाडं लावा, बियांचं तेल काढा. महाराष्ट्रातही अनेकांनी ती लावली. झाड पडीक जमिनीत जगतं हे खरं, पण पाणी आणि खत न देता भरपूर बिया देत नाही. मोहीम बारगळली.

मग नजर तळणाकडे वळली. इथे आपली गोष्ट अमेरिकेपेक्षा निराळी आहे. तिथे जुनं तेल खरोखर टाकाऊ होतं. आपल्याकडे तेल सहसा टाकलं जात नाही. ते पुन्हा तापतं, त्यात नवं तेल पडतं, आणि एका कढईतून दुसऱ्या, आणखी स्वस्त कढईत ते विकलं जाऊ शकतं. शेवटी ते जळतं, पण इंजिनात नाही, माणसाच्या पोटात. म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तेलातल्या 'टोटल पोलर कंपाउंड्स'वर २५ टक्क्यांची मर्यादा घातली. हे पदार्थ तेल वारंवार तापवल्याने वाढतात. त्याच वर्षी १० ऑगस्टला जुनं तेल गोळा करून बायोडिझेल करण्याची 'रुको' योजना सुरू झाली. २०१९ मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी १०० शहरांत अशा बायोडिझेलसाठी लिटरला ५१ रुपयांचा पहिल्या वर्षाचा दर जाहीर केला.

या योजनेचं यश गाड्यांच्या मायलेजमध्ये मोजायचं नाही, असं मला वाटतं. आकडे पाहा. जगात वर्षाला साधारण २० कोटी टनांहून थोडं जास्त वनस्पती तेल तयार होतं, आणि कच्चं खनिज तेल निघतं ४०० कोटी टनांहून जास्त. जगातल्या सगळ्या कढया उपाशी ठेवून एकूण एक थेंब टाकीत ओतला, तरी विसावा हिस्सा जेमतेम भरेल. तळून उरलेलं तेल तर त्याचाही छोटा भाग. त्यात आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. शेंगदाण्याने पेट्रोलियमला हरवलं असतं, ही कल्पना या एका भागाकारात संपते.

पण दुसरा हिशेब याहून महत्त्वाचा आहे. जुन्या तेलाला इंजिनाकडून बरा भाव मिळाला, तर हॉटेलवाल्याला ते पुढच्या कढईला विकण्यापेक्षा गोळा करणाऱ्याला देणं परवडेल. तेवढी भजी, तेवढे वडे ताज्या तेलात तळले जातील. उद्या संध्याकाळी तुम्ही ज्या गाडीवर वडापाव खाल, तिथल्या कढईतलं काळं तेल रात्री कुठे जातं, हा प्रश्न डिझेल यांच्या मृत्यूच्या गूढापेक्षा तुमच्या जास्त जवळचा आहे. आणि त्याचं उत्तर मिळवायला गाडीवाल्याशी दोन शब्द बोलणं पुरेसं आहे.